राज्याचा अर्भक मृत्युदर, मुंबईतील नोंदी आणि पोषणाची पाकिटे

दादरच्या एका मंडळाकडून हा प्रश्न आला आहे. मंडळाचे कार्यकर्ते दर पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा भागात एक वर्षाच्या आतील बाळांसाठी पोषण आहाराची पाकिटे पोहोचवतात. त्यांची शंका थोडक्यात अशी : महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचे सरकारी आकडे सांगतात, तरी पालघर आणि मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या दरवर्षी येतच राहतात, आणि इतक्या डॉक्टरांच्या मुंबईतही अर्भकांचे मृत्यू इतके कसे नोंदले जातात, तेव्हा खरे काय मानायचे, आणि आमच्या पाकिटांचा उपयोग किती? मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या कामात माझी नोकरी गेली आणि बालमृत्यू अन्वेषणाच्या, म्हणजे दगावलेल्या बाळांच्या मृत्यूची कारणे तपासणाऱ्या, बैठकांना मी पुष्कळदा बसलो, त्या आधारावर हे लिहीत आहे. पाकिटांविषयीचे मत आधीच सांगतो : अर्भक मृत्यू कमी करणे हा हेतू असेल, तर ती चुकीच्या वयाला आणि चुकीच्या व्यक्तीला पोहोचत आहेत. असे का म्हणतो, हे पटवून द्यायचे तर आकड्यांत थोडे शिरावे लागेल.

एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे वयाचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेल्या बाळांची संख्या म्हणजे अर्भक मृत्युदर. राज्यासाठी जो आकडा वर्तमानपत्रांत येतो तो प्रामुख्याने नमुना नोंदणी योजनेचा असतो. निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत एक स्थानिक प्रगणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघरी विचारून जातो, आणि मग दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. ही पद्धत देशभर १९७० च्या सुमारास रुळली आणि आजही राज्य पातळीवरचा सर्वांत भरवशाचा आकडा हाच आहे. त्यानुसार १९९० मध्ये महाराष्ट्राचा दर ५८ होता आणि देशाचा ८०. २००० मध्ये राज्याचा ४८, देशाचा ६८. २०१० मध्ये राज्याचा २८, देशाचा ४७. आणि २०२० मध्ये राज्याचा १६, देशाचा २८. त्याच वर्षी केरळचा दर ६ होता आणि मध्य प्रदेशाचा ४३. म्हणजे घट झाली आहे, ती मोठी आहे आणि ती कागदोपत्री बनवलेली नाही. लसीकरण, जुलाबावरील क्षारसंजीवनी, २००५ नंतर गावात आलेली आशा सेविका, दवाखान्यात होऊ लागलेली बाळंतपणे, १०८ ची रुग्णवाहिका, यांपैकी प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. मुलींचे शिक्षण आणि दोन मुलांमधील वाढलेले अंतर यांना आरोग्य खात्याच्या अहवालात जागा कमी मिळते, पण माझ्या मते त्यांचा वाटा औषधांपेक्षा उणा नाही.

तरीही हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की नमुना नोंदणी जिल्ह्याचा दर देत नाही. राज्याच्या १६ या सरासरीत पुणे आणि कोल्हापूर आहेत, तसेच अक्कलकुवा, धारणी आणि मोखाडा हे आदिवासी तालुकेही आहेत, आणि सरासरी सुधारली म्हणून मोखाड्याचे काय झाले हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून घट आणि बातम्या या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसरी गोष्ट अशी की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे चित्र काहीसे वेगळे आहे. त्याच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २३.७ होता आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २३.२ निघाला, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा दर तर १६.२ वरून १६.५ झाला, म्हणजे जिथल्या तिथेच राहिला. हे सर्वेक्षण मातांना मागील पाच वर्षांतील जन्म-मृत्यू विचारते, त्यामुळे त्याचा आकडा थोड्या जुन्या काळाचा असतो आणि त्यात नमुन्याची चूकही धरावी लागते. परंतु नमुना नोंदणीतही २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे राज्याचा दर १९ वरच अडला होता. दोन निरनिराळ्या पद्धती एकाच काळात थबकल्यासारख्या दिसतात, तेव्हा त्यामागे काहीतरी असते.

ते काय, हे मृत्यूचे वय पाहिल्यावर कळते. २०२० मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मृत्युदर हजारी १८, एक वर्षाखालील १६ आणि २८ दिवसांखालील ११ होता. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या दर १८ बालकांपैकी ११ महिन्याचीही होत नाहीत. देशपातळीवर त्याच वर्षी नवजात, म्हणजे २८ दिवसांखालील, मृत्युदर २० होता आणि त्यातले १५ मृत्यू पहिल्या सात दिवसांतले होते. पूर्वी गोवर, हगवण आणि न्यूमोनिया यांनी सहा-आठ महिन्यांची मुले जात. तो भाग लसी, क्षारसंजीवनी आणि प्रतिजैविके यांनी बराच आटोक्यात आला. उरले ते अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे, जन्मतः न रडलेले आणि जंतुसंसर्ग झालेले बाळ. या बाळाला वाचवण्याचे काम लसीच्या डब्याने किंवा खाऊच्या पाकिटाने होत नाही. ते प्रसूतिकक्षात, पहिल्या मिनिटापासून पहिल्या आठवड्यापर्यंत आणि त्याआधी आईच्या गरोदरपणात करावे लागते.

आता मुंबईविषयी. नागरी नोंदणीत जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा, असा १९६९ च्या कायद्याचा नियम आहे. पालघर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतून गंभीर अवस्थेतील नवजात बाळे परळ, शीव आणि मुंबई सेंट्रल भागातील मोठ्या रुग्णालयांकडे पाठवली जातात. त्यांतले एखादे बाळ येथे दगावले तर त्याचा जन्म त्याच्या तालुक्यात नोंदलेला असतो आणि मृत्यू मुंबईत. दराचा अंश, म्हणजे मृत्यू, फुगतो; छेद, म्हणजे जन्म, मात्र तेवढाच राहतो. दुसऱ्या बाजूने, लालबागची किंवा घाटकोपरची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, चिपळूणला किंवा साताऱ्याला जाते आणि जन्म तिकडे नोंदला जातो, त्यामुळे मुंबईचा छेद आणखी घटतो. मुंबईचा दर निवासी आणि अनिवासी मृत्यू वेगळे काढल्याशिवाय बोलू नये, हे आमच्या खात्यात नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाई.

ही अडचण आजची नाही. १९२१ च्या अधिकृत आकडेवारीत मुंबईचा अर्भक मृत्युदर हजारी सहाशेच्या वर दाखवला गेला होता. गिरण्यांच्या चाळींतली एका खोलीत कोंबलेली कुटुंबे, कामावर जाताना बाळाला दिली जाणारी अफूची गोळी, दुधातली भेसळ आणि पाणी या कारणांनी मृत्यू भयंकर होते यात शंका नाही. पण तेव्हाही पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात जात आणि बाळ घेऊन परतत, शिवाय पुष्कळ जन्म नोंदलेच जात नसत, त्यामुळे तो आकडा वास्तवाहूनही वर गेला होता. शंभर वर्षांपूर्वी छेद बिघडवणारी गोष्ट प्रामुख्याने माहेर होते. आज त्यात रुग्णवाहिकेची भर पडली आहे.

याउलट काही मृत्यू नोंदीतून निसटतात, आणि ते निसटणे मला अधिक चिंतेचे वाटते. एखाद्या बाळाने जन्मल्यावर दोन-चार श्वास घेतले असतील तर तो जिवंत जन्म आणि नंतर नवजात मृत्यू, अशा दोन नोंदी व्हायला हव्यात. पण कागद कमी लागतो म्हणून किंवा चौकशी टळते म्हणून त्याची उपजत मृत्यू अशी एकच नोंद केली, तर ते बाळ अर्भक मृत्युदरातून नाहीसे होते. म्हणून एखाद्या तालुक्याचा दर अचानक सुधारला की शेजारच्या रकान्यात उपजत मृत्यू वाढले आहेत का, हे मी आधी पाहतो. दुसरी गळती ‘डामा’ची. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणे याला सगळ्या वॉर्डांत हाच शब्द आहे. वजन भरत नाही, बाप कामावरून सुटी घेऊन थकला, घरी दुसरी मुले आहेत, म्हणून बाळाला अंगठा उठवून नेले जाते. ते पुढे पाड्यावर दगावले तर रुग्णालयाच्या लेखी ते गेले ‘डामा’त, आणि गावाच्या लेखी ते परत आलेच नव्हते. महाराष्ट्रात साधारण १८ ते १९ लाख बाळे वर्षाला जन्मतात असे धरले, तर १६ या दराने वर्षाला सुमारे ३० हजार अर्भक मृत्यू होतात. कोणत्याही वर्षी खात्याकडे नोंदलेली संख्या याहून बरीच कमी दिसली, तर फरकातले मृत्यू कुठे गेले, हे विचारण्याचा अधिकार तुमच्यासारख्या मंडळालाही आहे.

बालमृत्यू अन्वेषणाचे फॉर्म वाचत गेले की एकच कहाणी थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा समोर येते, ती येथे देतो. ती कोणा एका बाळाची नाही. आईचे वय एकोणीस, हिमोग्लोबिन आठ, आठव्या महिन्यात कळा. रात्री पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत यायला वेळ गेला. सरकारी दवाखान्यात पहाटे बाळ झाले, वजन एक किलो चारशे. श्वास जोरात चालला होता म्हणून पुढे पाठवले, तिथे खाट रिकामी नव्हती म्हणून आणखी पुढे. आईचे सिझेरियन झालेले, ती मागेच राहिली; बाळ आजी आणि बापाबरोबर, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले. मुंबईत ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ठेवले तेव्हा तापमान चौतीस अंश, साखर उतरलेली, तोंडात आईच्या दुधाचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी मृत्यू. फॉर्मवर कारण लिहिले जाते ‘अकाली जन्म, कमी वजन’, आणि ते खोटेही नसते. परंतु तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच दिवसांची बाळे आई जवळ असताना वाचतात. त्या बाळाला थंडीने, उपाशी राहण्याने आणि अंतराने मारले, आणि या तीन गोष्टींसाठी फॉर्मवर रकाना नाही.

यातल्या पुष्कळ गोष्टींवर महाराष्ट्रातच उत्तरे शोधली गेली आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. बाळाला उबेत ठेवणे, वजन करणे, न रडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे हे काम या आरोग्यदूतांनी घरी जाऊन केले. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. २०११ पासून देशभर आशा सेविका याच धर्तीवर घरी भेटी देतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. कागदावर वेळापत्रक चांगले आहे. पण बाई दुसऱ्या दिवशीच घरी आली तर तिसऱ्या दिवसापर्यंतचा सर्वांत धोक्याचा काळ कोणाच्याच हातात राहत नाही, आणि मुंबईत तर आरोग्य सेविका दारात पोहोचते तेव्हा कुलूप असते, कारण बाळंतीण माहेरी गेलेली असते.

मुंबईने स्वतः दिलेल्या दोन गोष्टी मंडळाला ठाऊक असायला हव्यात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. ज्या बाळाची आई मागे राहिली आहे, त्याला पावडरीच्या दुधाऐवजी दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासलेले आणि पाश्चरीकरण केलेले दूध मिळते, आणि कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना त्याने मोठे संरक्षण मिळते. पुढे १९९९ मध्ये त्यांनीच ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन करून धारावीसारख्या वस्त्यांतल्या मातांचे आणि नवजात बालकांचे काम हाती घेतले. कांगारू पद्धतीने बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे हा उपाय तर फुकटचा आहे. पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असे धरल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्यातले एक रुग्णालय दिल्लीचे होते. त्यासाठी आईला बाळाच्या कक्षात खाट आणि दोन वेळचे जेवण द्यावे लागते, आणि नेमके तेवढेच बहुतेक ठिकाणी होत नाही.

कुपोषणाचे काय, असे तुम्ही विचाराल. बातमी ‘कुपोषणाने बालमृत्यू’ म्हणते, प्रशासन ‘कुपोषणाने एकही मृत्यू नाही’ म्हणते, आणि हा वाद १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या मृत्यूंपासून चालू आहे. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. भुकेने थेट मृत्यू क्वचितच होतो. पण ज्या न्यूमोनियातून भरल्या अंगाचे मूल उठते, त्याच न्यूमोनियाने खंगलेले मूल जाते, आणि दाखल्यावर न्यूमोनियाच लिहिला जातो. याचा अर्थ सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी पोषण निश्चितच महत्त्वाचे आहे. मात्र महिन्याच्या आत जाणाऱ्या बाळाचे कुपोषण हे त्याच्या आईचे कुपोषण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. सतराव्या वर्षी चाळीस किलो वजनाने गरोदर राहिलेल्या मुलीचे बाळ अडीच किलोचे व्हावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

पालघरच्या बाबतीत यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड गावातल्या पत्र्याच्या पेटीत राहते, आशेच्या वहीत तिच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा येतो, आणि भट्टीवरच्या आरोग्य सेविकेच्या यादीत ती कधी चढतच नाही. मुंबईच्या इमारतींना लागणाऱ्या विटा या भट्ट्यांवरूनही येतात, हे जाता जाता नोंदवतो.

मुंबईच्या आतही हीच विषमता आहे. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. गोवंडी ज्यात येते तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालातही सर्वांत तळाला होता. मोठी रुग्णालये तेथून रिक्षाच्या अंतरावर असताना लसीचा डोस चुकलेली मुले शेकड्यांनी सापडतात, याचे कारण अंतर नसून दवाखान्याची वेळ, रोजंदारी बुडण्याची भीती आणि भाड्याची खोली बदलत राहणे हे आहे.

आता तुमची पाकिटे. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, द्यायचे नसते. वितरण करताना कार्यकर्त्याला बाळाचे वय महिन्यांत समजत नाही आणि पाकीट दोन महिन्यांच्या बाळाच्या घरी गेले तर ते पाण्यात कालवून पाजले जाते. ते पाणी कसले, हे पावसाळ्यात सांगायला नको. म्हणून एक वर्षाखालील बाळांसाठी वाटप थांबवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याच खर्चात तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून गरोदर बायका आणि किशोरवयीन मुलींसाठी शेंगदाणे, गूळ, डाळ, अंडी असा ओळखीचा आहार नियमित द्या, आणि तो पावसाळ्यापुरता न ठेवता दिवाळीनंतर भट्टीवरही पोहोचेल अशी सोय करा. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ योजना आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने तिथे राहावे आणि रात्रीची धावपळ टळावी, असा तिचा हेतू आहे. खोली असते, पण सोबत आलेल्या माणसाचे जेवण, मागे राहिलेल्या मुलांचे पाहणे आणि बुडालेली मजुरी यांपायी ती रिकामी राहते. तिथे मंडळाचा पैसा लगेच उपयोगी पडेल.

आणि मंडळाला दादर सोडून फार लांब जायचे नसेल, तर परळ-शीव भागातल्या नवजात कक्षांबाहेर जा. बाहेरगावच्या आया व्हरांड्यात चटईवर निजतात, दर दोन-तीन तासांनी दूध काढून आत देतात आणि वडापावावर दिवस काढतात. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून त्यांच्यासाठी दोन वेळचे जेवण, झोपायची जागा आणि मागे राहिलेल्या आईला बाळापर्यंत आणण्याचे गाडीभाडे एवढे ठरवता आले, तरी ‘डामा’ घेणारी काही कुटुंबे थांबतील. पहिल्या वर्षी किती आया राहिल्या, किती बाळे वजन वाढून घरी गेली आणि त्यांतली किती सहा महिन्यांनी फोनवर सुखरूप असल्याचे कळले, एवढी एक वही ठेवा. पुढच्या वर्षी पैसे कुठे घालायचे हे ती वही पाहून ठरवा, आणि हवी असल्यास ती आखून द्यायला मी येईन.